माझं तारण खरंच झालं आहे का? नव्या विश्वासणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

ख्रिस्तावर नव्याने विश्वास ठेवलेली माणसं पहिल्या काही महिन्यांत एक प्रश्न हमखास विचारतात, आणि बहुतेक वेळा दबक्या आवाजात विचारतात: "माझं तारण खरंच झालं आहे का?" सुरुवातीचा आनंद ओसरलेला असतो. जुना राग, जुनी वासना, जुना खोटेपणा पुन्हा डोकं वर काढतो. प्रार्थनेला बसलं की मन भरकटतं. उपासनेत शेजारचे लोक मात्र डोळे मिटून मनापासून गात असतात, आणि वाटतं, यांना जे मिळालं ते मला मिळालेलंच नाही.

हा प्रश्न पडला म्हणून घाबरू नका आणि तो दडपूही नका. त्याला उत्तर आहे. ते शोधताना कोणत्या क्रमाने जावं, हे इथे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट माहीत असलेली बरी. या विषयावर सगळ्या ख्रिस्ती परंपरांचं एकमत नाही. खास प्रकटीकरण झाल्याशिवाय आपण अखेरपर्यंत टिकणारच असं कोणी निश्चयाने म्हणू नये, असं रोमन कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५४७ मध्ये ठरवलं. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेतल्या मंडळ्या मानतात की देव ज्यांना आपलं करतो त्यांना शेवटपर्यंत राखतो. अठराव्या शतकातला इंग्लिश उपदेशक जॉन वेस्ली याच्या (मेथडिस्ट) परंपरेत आजच्या तारणाची खात्री ठामपणे शिकवली जाते, पण माणूस विश्वास सोडून दूर जाऊ शकतो असंही सांगितलं जातं. माझं लिखाण प्रॉटेस्टंट शिकवणीला धरून आहे. तुमची मंडळी काय शिकवते ते आपल्या पाळकांना जरूर विचारा. पुढचे शास्त्रभाग मात्र सगळ्यांचे आहेत.

१. दोन प्रश्न वेगळे करा

तारण होणं ही एक गोष्ट, आणि तारण झालं आहे हे मनाला पक्कं ठाऊक असणं ही दुसरी. या दोन्हींची सरमिसळ झाली की माणूस विनाकारण पोळतो. योहान आपल्या पहिल्या पत्राच्या शेवटी (१ योहान ५:१३) पत्राचा हेतू सांगतो: देवाच्या पुत्रावर विश्वास ठेवणाऱ्या तुम्हाला सार्वकालिक जीवन लाभलं आहे, हे तुम्हाला कळावं. म्हणजे ज्यांच्याकडे जीवन होतं, पण ते आहे याची खात्री वाटण्यासाठी मदत लागत होती, अशी माणसं पहिल्या शतकातल्या मंडळीतही होती. वेस्टमिन्स्टर इथे १६४६ मध्ये तयार झालेल्या विश्वासाच्या कबुलीतही हेच स्पष्ट लिहिलं आहे: खऱ्या विश्वासणाऱ्यालासुद्धा ही खात्री मिळण्याआधी बराच काळ थांबावं लागू शकतं, पुष्कळ झगडावं लागू शकतं.

पेत्र पाण्यावर चालता चालता बुडू लागला तो प्रसंग (मत्तय १४) सावकाश वाचा. येशूने त्याला आधी धरलं आणि मग "अल्पविश्वासी" म्हटलं. विश्वास कमी पडला हे खरं होतं, तरी हात मिळायचा थांबला नाही.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. कधीकधी हा प्रश्न पडतो, कारण तो खरोखरच विचारायला हवा असतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पुढे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडायचा होता. त्यासाठी बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं जावी लागली. विद्वत्ता, प्रामाणिकपणा, सेवाभाव हे सगळं त्यांच्याजवळ आधीपासून होतं. तेव्हा शंका आली की लगेच "सैतानाचं काम" म्हणून झटकून टाकू नका. तिला पुढच्या पायरीवर न्या.

२. तुम्ही कशावर टेकला आहात ते लिहून काढा

एक कागद घ्या आणि हे वाक्य पूर्ण करा: "देव माझा स्वीकार करतो, कारण..." विचार करून सुंदर उत्तर लिहू नका, मनात पहिलं येईल तेच लिहा.

"मी प्रामाणिकपणे प्रयत्न करतो", "मी रोज प्रार्थना करतो", "त्या दिवशी मी खूप रडलो होतो", असं काही आलं, तर खात्री का डळमळते ते तुम्हाला तिथेच दिसेल. प्रयत्न रोज सारखे नसतात आणि रडू रोज येत नाही. "ख्रिस्त माझ्या पापांसाठी मेला आणि पुन्हा उठला" असं आलं, तर पाया योग्य जागी आहे. त्यावर उभं राहायला फक्त शिकायचं आहे. पहिल्या प्रकारचं उत्तर आलं तर उत्तर सुधारून कागद ठेवून देऊ नका. त्याच ठिकाणी, साध्या शब्दांत, देवाशी बोला: आतापर्यंत मी स्वतःवर टेकलो होतो, आता ख्रिस्तावर टेकतो. यासाठी ठरावीक शब्दांची प्रार्थना लागत नाही.

नव्या करारात खात्रीचे तीन आधार दिसतात. पहिला, देवाचं वचन आणि ख्रिस्ताने पुरं केलेलं काम: ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना आता दंडाज्ञा नाही (रोम ८:१), आणि येशू म्हणतो, माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही (योहान १०:२८). दुसरा, पवित्र आत्म्याची साक्ष: आपण देवाची लेकरं आहोत अशी तो आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो, आणि "अब्बा, बापा" ही हाक आपल्या तोंडी येते (रोम ८:१५-१६). तिसरा, बदललेलं जगणं: आज्ञा पाळण्याची ओढ, बंधुभगिनींवर प्रेम, पापाबद्दल चीड. योहानाच्या पहिल्या पत्रात ही तिसऱ्या प्रकारची चिन्हं जागोजागी आहेत.

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. बरेच नवे विश्वासणारे तिसऱ्यापासून सुरुवात करतात: आधी आठवड्याभराचं वागणं तपासतात, त्यावरून आत्मा आपल्यात आहे का ते ठरवतात, आणि मग वचन आपल्याला लागू आहे की नाही याचा निकाल देतात. हा सगळाच क्रम उलटा आहे. वचनावर उभं राहा. आत्म्याची साक्ष त्या वचनातूनच आत उतरते. फळाला वेळ लागतो, आणि ते आपल्या आधी बहुधा दुसऱ्यांना दिसतं.

अनुभवाच्या दिवसावर किती भार टाकावा, हे वेस्लीच्या आयुष्यातून कळतं. १७२८ मध्ये पाळकपदाची दीक्षा झालेल्या या माणसाला २४ मे १७३८ रोजी लंडनमधल्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत, रोमकरांस पत्रावरची धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना ऐकत असताना, ख्रिस्ताने आपली पापं काढून टाकली आहेत अशी खात्री झाली. ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. पुढची कमी सांगतात: जानेवारी १७३९ मध्ये, म्हणजे वर्षही उलटण्याआधी, त्यानेच आपल्या रोजनिशीत लिहिलं की मी आता ख्रिस्ती नाही. तरी तो चालत राहिला, उपदेश करत राहिला. अनुभव ही देणगी आहे, तिच्याबद्दल आभार माना. पाया मात्र ख्रिस्तच आहे.

३. आपण कोणत्या टप्प्यावर आहोत ते ओळखा

योहान आपल्या वाचकांशी तीन गटांत बोलतो: मुलं, तरुण आणि बाप (१ योहान २:१२-१४). हे वयाचे गट नाहीत असं मी मानतो. साठीत विश्वास ठेवलेला माणूस मूल असू शकतो, आणि विशीतली एखादी बहीण लढाईत मुरलेली असू शकते. मंडळीतला मानपान तर याच्याशी मुळीच संबंधित नाही.

एक बाब मला फार मोलाची वाटते. तीन गट करणारा योहान संपूर्ण मंडळीला मात्र पत्रभर "मुलांनो" म्हणूनच हाक मारतो. त्यात तरुण आले, बापही आले. वाढताना टप्पा बदलतो, पण लेकरूपण मागे पडत नाही. तुमची ओळख टप्प्यावरून ठरत नाही, बापावरून ठरते. या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती ही राहो.

मूल असताना

मुलांविषयी योहान दोनच गोष्टी सांगतो: त्यांच्या पापांची क्षमा झाली आहे आणि ते बापाला ओळखतात. सुरुवातीला एवढं पुरेसं आहे. भविष्यवाणीचे गुंते, पूर्वनियोजनाचे वाद, आत्मिक दानांवरच्या चर्चा थांबू शकतात. रोज थोडं वचन, साधी प्रार्थना, बाप्तिस्मा झाला नसेल तर त्याची तयारी, आणि दर आठवड्याला मंडळीची सहभागिता, एवढं धरून ठेवा.

या टप्प्यावरचा धोका म्हणजे भावनांवर तारण मोजणं. दुसरा धोका त्याहून कपटी आहे: नियमांची यादी. गलतीयातल्या विश्वासणाऱ्यांना प्रेषित पौल जवळजवळ ओरडूनच विचारतो, आत्म्याने सुरुवात करून आता देहस्वभावाने पूर्णतेला जाणार आहात का (गलती ३:३)? नव्या माणसाच्या हातात कोणी काय घालावं, काय खावं, काय ऐकावं याची लांबलचक यादी दिली, आणि "हे पाळलंस तरच तू खरा" असं सांगितलं, तर सावध व्हा. पवित्र जीवन हवंच, पण ते लेकरू झाल्यामुळे येतं. लेकरू होण्यासाठी ते भरावं लागत नाही.

मूल असणं आणि मूलच राहणं यात फरक आहे. करिंथच्या मंडळीला पौल तान्ही बाळं म्हणतो, तेव्हा ते कौतुक नाही. त्यांच्यात तट पडले होते, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. तरी त्याच लोकांना तो पत्राच्या आरंभी ख्रिस्त येशूमध्ये पवित्र केलेले म्हणतो, आणि सहाव्या अध्यायात त्यांना कठोर बोलत असतानाच आठवण देतो की तुम्ही धुतलेले आहात, तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. त्याची पद्धत पाहा: तुम्ही कोण आहात ते विसरलात म्हणून असे वागता. "असे वागता म्हणजे तुम्ही कोणीच नाही" असं तो म्हणत नाही. स्वतःशी बोलतानाही हीच पद्धत वापरा.

तरुण असताना

काही काळाने लढाई सुरू होते, आणि नेमकं तेव्हा लोकांना वाटतं की आपण मागे चाललो आहोत. तसं नाही. तरुणांविषयी योहान म्हणतो की ते बलवान आहेत, देवाचं वचन त्यांच्यात राहतं आणि त्यांनी त्या दुष्टाला जिंकलं आहे. जिंकणं आहे म्हणजे झुंज आहेच.

झुंज बहुतेक वेळा ओळखीवरच येते. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली की हा माझा पुत्र, मला परमप्रिय. त्यानंतर लगेच रानात परीक्षकाचं, म्हणजे सैतानाचं, पहिलं बोलणं होतं: तू देवाचा पुत्र असशील तर... (मत्तय ३:१७, ४:३). येशूने तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात लिहिलेल्या वचनाने उत्तर दिलं. म्हणून या टप्प्यावर नुसतं वाचन पुरत नाही, वचन पाठ असावं लागतं. रोम ८ मधली आठ-दहा वचनं पाठ करा. रात्री दोन वाजता मन खायला उठतं तेव्हा पवित्र शास्त्र उघडायचं त्राण नसतं. पाठ असलेलं तेवढंच ओठांवर येतं.

पवित्र आत्मा पापाची जाणीव देतो आणि दोष देणारा, म्हणजे सैतान, तोही बोलतो. दोन्ही आवाज सुरुवातीला सारखेच वाटतात. माझी कसोटी अशी: आत्मा नेमकं बोट ठेवतो, "काल तू तिच्याशी खोटं बोललास", आणि क्षमेकडे नेतो. दोष देणारा मोघम बोलतो, "तू असाच आहेस, तुझं काही होणार नाही", आणि प्रार्थनेपासून दूर ढकलतो. पहिल्याचं ऐका. दुसऱ्याशी वाद घालत बसू नका, वधस्तंभाकडे बोट दाखवा.

या टप्प्यावरचं गोड विष म्हणजे सेवेतलं यश. गाणं चांगलं होतं, साक्ष ऐकून कोणी विश्वास ठेवतो, लोक प्रार्थनेसाठी बोलावतात, आणि नकळत खात्री तिथे जाऊन बसते. येशूने पाठवलेले शिष्य आनंदाने परतले की भुतंसुद्धा आम्हाला वश होतात, तेव्हा त्याने त्यांना सांगितलं: याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा आनंद माना (लूक १०:२०). यश आलेल्या दिवशीच हे वचन वाचावं. अपयशाच्या दिवशी ते आपोआप आठवतं.

बाप आणि आई झाल्यावर

बापांविषयी योहान एकच गोष्ट सांगतो आणि ती दोनदा, तशीच सांगतो: जो प्रारंभापासून आहे त्याला तुम्ही ओळखता. इतक्या वर्षांनंतर त्यांच्या पदरी काय उरलं, तर ओळख.

तुम्ही नवे असलात तरी या टप्प्याविषयी एक गोष्ट आत्ताच कळायला हवी, नाहीतर पुढे धक्का बसेल. वाढत जाल तशी पापाची जाणीव कमी होत नाही, ती तीव्र होते. पौल करिंथकरांना लिहितो की मी प्रेषितांत कनिष्ठ आहे (१ करिंथ १५:९). नंतर इफिसकरांना, मी सर्व पवित्र जनांत कनिष्ठ (इफिस ३:८). आणि उतारवयात तीमथ्याला, पापी लोकांत मी पहिला (१ तीमथ्य १:१५). पण त्याच तीमथ्याला तो असंही लिहितो की मी कोणावर विश्वास ठेवला आहे हे मला ठाऊक आहे. स्वतःविषयीचं मत खाली जात गेलं आणि खात्री वर. तेव्हा काही वर्षांनी मन पूर्वीपेक्षा काळं दिसू लागलं, तर तारण हरवलं असा अर्थ लावू नका. उजेड वाढला असेल.

४. पडलात तर त्याच दिवशी परत या

"आधी नीट वागून दाखवतो, मग प्रार्थना करतो" हा विचार मनातून काढून टाका. पापाचं नाव घेऊन ते कबूल करा (१ योहान १:९). कोणाचं नुकसान केलं असेल तर भरून द्या, क्षमा मागा. पुन्हा पुन्हा तेच होत असेल तर विश्वासातल्या एका माणसाला सांगा; लपवलेलं पाप बळावतं. दावीद ५१ व्या स्तोत्रात तारणाचा आनंद परत मागतो. तुम्हीही मागा. पेत्र आपल्याला नाकारणार हे येशूला आधीच माहीत होतं आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही आधीच झाली होती (लूक २२:३२).

आपल्या हातून अक्षम्य पाप झालं आहे या भीतीने रडणाऱ्यांना एवढंच सांगेन: मार्क ३ मध्ये येशू ज्यांना इशारा देतो ते त्याच्यातला आत्मा अशुद्ध आहे असं म्हणत होते, आणि त्यांना क्षमा नकोच होती. तुम्हाला हवी आहे. ज्याला ख्रिस्त हवा आहे त्याला त्याने कधी परत पाठवलं नाही.

उलट, कोणी पापात आरामात राहतो, टोचणी नाही, सोडायची इच्छा नाही, आणि "मी एकदा प्रार्थना केली होती" एवढ्यावर निश्चिंत आहे, अशा माणसाला मी धीर देणार नाही. त्याने मत्तय ७:२१-२३ वाचावं आणि "माझं तारण खरंच झालं आहे का" हा प्रश्न मनापासून विचारावा.

५. शंका आजारासारखी चिकटली असेल तर मदत घ्या

काहींना ही शंका दिवसरात्र सोडत नाही. तारणाची प्रार्थना ते पुन्हा पुन्हा म्हणतात, "या वेळी मनापासून झाली का" म्हणून परत म्हणतात, क्षणभर हायसं वाटतं आणि पुन्हा तेच. झोप जाते, जेवण जातं. ही विश्वासाची उणीव असेलच असं नाही. मनाच्या आजारात असं होतं आणि त्यावर उपचार आहेत. कवी विल्यम कूपर याने लिहिलेली गीतं मंडळ्या आजही गातात. १७७३ पासून मात्र देवाने आपल्याला टाकून दिलं आहे या समजुतीने तो ग्रासला होता. त्याचा मित्र आणि पाळक जॉन न्यूटन याने त्याला घरी ठेवून घेतलं, सोडलं नाही. डॉक्टरांकडे जाणं आणि देवावर भरवसा ठेवणं यात विरोध नाही. "विश्वास वाढव म्हणजे बरं वाटेल" असं म्हणून अशा माणसावर आणखी ओझं टाकू नका.

दुःखात, आजारपणात, नुसत्या थकव्यातही देव दूर वाटतो. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी त्याची पहिली ओळ देवाला "माझ्या तारणाऱ्या" अशीच हाक मारते.

६. एकटे चालू नका

मंडळीत वयाने नाही तर विश्वासाने थोर असा एक भाऊ किंवा बहीण शोधा: जो स्वतःच्या पापाविषयी मोकळेपणी बोलतो, ऐकून घेतो, आणि तुम्हाला स्वतःशी न बांधता ख्रिस्ताकडे पाठवतो. शक्यतो पुरुषाने पुरुषाकडे, स्त्रीने स्त्रीकडे जावं. प्रभुभोजन चुकवू नका. जिथे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त "तुमच्यासाठी" असं सांगून दिलं जातं, तिथे डळमळत्या माणसाने आवर्जून जावं.

या आठवड्यात काय वाचायचं, तर योहानाचं पहिलं पत्र एका बैठकीत वाचा. पाचच अध्याय आहेत. दुसऱ्या दिवशी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय मोठ्याने वाचा. मग योहानकृत शुभवर्तमानाचे १३ ते १७ अध्याय, रोज एक. सातव्या दिवशी तो कागद पुन्हा काढा, "देव माझा स्वीकार करतो, कारण..." हे वाक्य नव्याने पूर्ण करा, आणि दोन्ही उत्तरं घेऊन त्या भावाकडे किंवा बहिणीकडे जा.